आपल्याला वाचता येईल तोच मीटर बरा

सिंगापुरात मराठी माणूस आला तो मुख्यतः नोकरीसाठी. अजूनही आपल्यातले बहुसंख्य लोक नोकरदारच आहेत. पण नोकरीच्या जोडीने, किंवा नोकरीला रामराम ठोकून, स्वतःचा छोटा व्यवसाय थाटणारी कुटुंबेही आता आपल्यात दिसू लागली आहेत. कुणी गणिताच्या शिकवण्या घेते, कुणी डबे पुरवते, कुणाचे दातांचे क्लिनिक आहे, कुणी योगवर्ग चालवते. अशा घरांत भाडे किती, मदतनिसाचा पगार किती, जाहिरातीवर किती घालवायचे, यावर रात्री जेवणानंतर तासन्‌तास चर्चा होते. विजेचे बिल मात्र ‘येईल ते भरू’ या सदरात जाते. ते किती येते यावर कुरकूर होते, पण ते कसे मोजले जाते याकडे सहसा कुणी पाहत नाही.

या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. छोट्या व्यवसायाने विजेचे मोजमाप शक्य तितके साधे ठेवावे. साधे म्हणजे जुनाट नव्हे. ज्या बिलाचा पडताळा मालकाला कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत करता येतो, ते साधे. अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशोब ठेवणारी, दिवसाचा आणि रात्रीचा दर वेगळा लावणारी किंवा बाजारभावाशी बांधलेली व्यवस्था काहींच्या फायद्याची असते, हे मला मान्य आहे. पण ती कुणाच्या फायद्याची आहे हे आधी तपासायला हवे. ‘आधुनिक आहे, म्हणजे स्वस्त असणारच’ हा समज आपल्या खिशाला परवडणारा नाही.

मीटर नेमके काय मोजतो?

जुना मीटर एक धावता आकडा दाखवतो. मागच्या वाचनाचा आकडा आजच्या आकड्यातून वजा केला की वापरलेली युनिटे मिळतात. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. हजार वॉटचे उपकरण एक तास चालवले की एक युनिट. ती वीज दुपारी दोनला वापरली की पहाटे तीनला, हे या मीटरला कळत नाही आणि त्याला त्याच्याशी कर्तव्यही नाही. युनिटे गुणिले दर, अधिक जीएसटी. बिल संपले.

नवा मीटर, ज्याला इथे ‘ॲडव्हान्स्ड मीटर’ किंवा ‘स्मार्ट मीटर’ म्हणतात, दर अर्ध्या तासाचा वापर नोंदवतो. दिवसाचे ४८ आकडे आणि महिन्याचे साधारण दीड हजार. ४८ हा आकडा सहज आलेला नाही. सिंगापूरच्या घाऊक वीजबाजारात विजेचा भाव दर अर्ध्या तासाला नव्याने ठरतो. हा बाजार १ जानेवारी २००३ रोजी सुरू झाला. भाव अर्ध्या तासाचा, म्हणून मोजमापही अर्ध्या तासाचे.

ग्राहकाने किती तपशिलाचे मोजमाप पत्करायचे, हा यातला कळीचा प्रश्न आहे. सुरुवातीला खुल्या बाजारातून वीज घेण्याची मुभा फक्त बड्या ग्राहकांना होती आणि त्यांना अर्ध्या तासाचा मीटर आवश्यक होता. पुढे मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. १ जुलै २०१५ पासून महिन्याला सरासरी २,००० युनिटे वापरणारा व्यवसायही या बाजारात येऊ शकला. त्याहून लहान दुकाने आणि घरे ‘ओपन इलेक्ट्रिसिटी मार्केट’च्या वेळी सामील झाली. त्याची चाचणी १ एप्रिल २०१८ पासून जुरोंगमध्ये झाली. देशभरचा पहिला टप्पा १ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाला आणि त्यात ५८ ते ७८ या आकड्यांनी सुरू होणारे पिनकोड होते. आपला बुकित पंजांगचा ६७ त्यातच आला. बांगकित, फजार, सेन्जा या भागांतल्या इमारतींच्या तळमजल्यावरचे दुकानदार, पुरवठादार निवडता येणाऱ्या छोट्या ग्राहकांच्या पहिल्या काही गटांत होते.

त्या वेळी एनर्जी मार्केट अथॉरिटीने, म्हणजे ईएमएने, एक शहाणपणाची सोय ठेवली. छोट्या ग्राहकाने पुरवठादार बदलला तरी त्याला जुना, धावत्या आकड्याचा मीटर ठेवता येत असे. अर्ध्या तासाचा वापर ठरावीक नमुन्यावरून अंदाजाने धरला जाई. नवा मीटर हवा होता तो वेळेनुसार दर बदलणाऱ्या योजनांसाठी आणि थेट घाऊक भावाने वीज घेण्यासाठी. म्हणजे साधेपणाचा पर्याय नियमातच होता. तो मागायचा की नाही, एवढेच आपल्या हातात होते.

आता एसपी ग्रुप जुने मीटर टप्प्याटप्प्याने काढून नवे बसवत आहे. त्यामुळे ‘साधा मीटर’ या शब्दाचा अर्थ थोडा बदलला आहे. भिंतीवरचा डबा नवा आला तरी दर एकच ठेवता येतो. तेव्हा यापुढे ‘साधा मीटर’ म्हणजे एकाच दराचे, साधे मोजमाप असे समजावे.

शिकवणी वर्गाचे गणित

तत्त्व पुरे, आता आकडे पाहू. खालचे दर केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. वाचकांनी आपल्या हातातल्या कोटेशनमधले दर घालून हेच गणित करावे.

समजा, एका शिकवणी वर्गाला महिन्याला १,५०० युनिटे लागतात. वर्ग दुपारी भरतो आणि रात्री नऊला संपतो. मुख्य खर्च एअरकंडिशनरचा आणि दिव्यांचा. रात्री फक्त छोटा फ्रिज, राउटर आणि कॅमेरा चालू असतो. त्याच्यापुढे दोन योजना आहेत. पहिलीत सगळ्या युनिटांना २८ सेंट. दुसरीत सकाळी ७ ते रात्री ११ या वेळेत २९ सेंट आणि रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत २२ सेंट. (एसपीच्या उच्चदाब ग्राहकांच्या दरपत्रकातही दिवस-रात्रीची विभागणी अशीच आहे.)

दुसरी योजना विकणारा साहजिकच २२ या आकड्यावर बोट ठेवेल. ‘रात्री सहा सेंट वाचतात, दिवसा फक्त एक सेंट जास्त!’ ऐकायला छान वाटते. पण या वर्गाची रात्रीची वीज आहे एकूण विजेच्या १० टक्के, म्हणजे १५० युनिटे. पहिल्या योजनेचे बिल ४२० डॉलर. दुसरीत दिवसाच्या १,३५० युनिटांचे ३९१ डॉलर ५० सेंट आणि रात्रीच्या १५० युनिटांचे ३३ डॉलर, एकूण ४२४ डॉलर ५० सेंट. म्हणजे ‘हुशार’ योजना साडेचार डॉलरने महाग पडली.

मग ती केव्हा परवडेल? यासाठी एक सोपे सूत्र आहे. दिवसाच्या दरातून एकेरी दर वजा करा: २९ उणे २८, म्हणजे १. दिवसाच्या दरातून रात्रीचा दर वजा करा: २९ उणे २२, म्हणजे ७. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा: एक सप्तमांश, साधारण १४ टक्के. तुमच्या एकूण विजेपैकी १४ टक्क्यांहून जास्त वीज रात्री ११ ते सकाळी ७ मध्ये जात असेल तर दुसरी योजना फायद्याची, नाहीतर पहिली.

आता दुसरे टोक पाहू. पहाटे तीनला भट्टी पेटवणारी बेकरी घ्या. महिन्याला ३,००० युनिटे आणि त्यातली ४५ टक्के रात्रीच्या दरात. एकेरी दराने बिल ८४० डॉलर, दुहेरी दराने ७७५ डॉलर ५० सेंट. महिन्याला साडेचौसष्ट डॉलर वाचले, वर्षाला पावणेआठशेच्या आसपास. या बेकरीवाल्याला ‘साधे ठेवा’ असा सल्ला मी देणार नाही. त्याने जरूर दुहेरी दर घ्यावा.

आणि मधला माणूस? दिवसभर-रात्रभर फ्रीझर चालवणारा किराणा दुकानदार? जे उपकरण चोवीस तास सारखेच चालते, त्याची एक तृतीयांश वीज रात्रीच्या आठ तासांत जाते. दुकानातली निम्मी वीज अशा फ्रीझरची असली आणि उरलेली सगळी दिवसाची, तर रात्रीचा वाटा एक षष्ठांश होतो, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. १,५०० युनिटांवर बचत होते अडीच डॉलर! अडीच डॉलरसाठी दोन दर सांभाळायचे, बिलातल्या दोन ओळी तपासायच्या आणि पुढच्या नूतनीकरणाला पुन्हा हिशोब मांडायचा, हे मला पटत नाही.

इथे मुख्य प्रश्न आहे: तुम्ही काम रात्रीत ढकलू शकता का? मुलांना रात्री बाराला शिकवता येत नाही. दातांचे दुखणे पहाटे बोलावता येत नाही. डबेवाल्याच्या पोळ्या ठरल्या वेळीच लाटाव्या लागतात. ज्याला वापराची वेळ बदलता येत नाही, त्याला वेळेनुसार बदलणारा दर काही शिकवत नाही. फक्त जोखीम देतो.

आधी वही, मग मीटर

रात्रीचा वाटा शोधायला स्मार्ट मीटर लागत नाही. एक वही आणि एक आठवडा पुरे. रोज दुकान बंद करताना मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी उघडताना पुन्हा लिहा. समजा, दुकान रात्री नऊला बंद होते आणि सकाळी दहाला उघडते. बंद काळ तेरा तासांचा झाला आणि त्यात रात्रीच्या दराचे आठ तास आले. बंद काळातला वापर बहुधा सारखाच असतो, म्हणून त्याचे आठ-तेरांश घ्या. तेरा तासांत आठ युनिटे गेली असतील, तर रात्रीच्या दरात साधारण पाच गेली. दिवसाची एकूण पन्नास असतील, तर वाटा १० टक्के. झाले.

या वहीचा एक जादा फायदाही सांगतो. बंद दुकानात वीज कशाला जाते हे त्यातून कळते. तेरा तासांत दोन युनिटे अपेक्षित असताना आठ जात असतील, तर गीझर, पाण्याचे यंत्र किंवा एखादा एअरकंडिशनर चालू राहत असणार. कुठलीही योजना बदलण्याआधी ती गळती थांबवा. बहुतेक छोट्या व्यवसायांत खरी बचत तिथेच दडलेली असते.

बाजारभावाचा मोह

दुहेरी दरात चूक झाली तर नुकसान चार-पाच डॉलरचे. थेट घाऊक भावाशी बांधून घेण्यात मात्र धोका खूप मोठा आहे. इथे २०२१ हे साल विसरून चालणार नाही.

सिंगापूरची सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूवर तयार होते आणि हा वायू सगळा बाहेरून येतो. काही नळाने, काही द्रवरूपात जहाजाने. २०२१ च्या उत्तरार्धात जगभर वायूचे भाव कडाडले. त्याच सुमारास इंडोनेशियातून नळाने येणाऱ्या वायूत अडथळे आले. अर्ध्या तासाचे भाव कित्येकदा नेहमीच्या अनेकपट झाले. त्या बाजारात भावाची कमाल मर्यादा होती दर मेगावॉट-तासाला ४,५०० डॉलर, म्हणजे एका युनिटला साडेचार डॉलर! त्या तिमाहीत एसपीचा नियंत्रित घरगुती दर होता जीएसटी वगळून २४.११ सेंट. या दोन आकड्यांतले अंतर लक्षात घ्या. भाव प्रत्येक वेळी मर्यादेला भिडला असे नव्हे. पण घाऊक भावाचा करार करणारा माणूस ती शक्यता सहीनिशी स्वीकारत असतो.

त्या लाटेत पुरवठादारही तरले नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयस्विच, ओम एनर्जी आणि आणखी काही कंपन्यांनी व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. आयस्विचचा कारभार ११ नोव्हेंबर २०२१ रोजी थांबला. ग्राहक अंधारात बसले नाहीत, कारण त्यांची खाती एसपीकडे गेली. पण स्वस्त स्थिर दराचा करार हातात असलेल्यांचा दर एका रात्रीत गेला. स्थिर दरही पुरवठादार टिकेपर्यंतच स्थिर असतो, हा त्यातला धडा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत टेक्सासमध्ये हिमवादळाने हेच चित्र आणखी भडक करून दाखवले. तिथे ग्रिडी नावाची कंपनी घरगुती ग्राहकांना थेट घाऊक भावाने वीज देत असे. वादळात भाव कमाल मर्यादेला, म्हणजे युनिटला ९ डॉलरला, जाऊन बसला. एरवी महिन्याकाठी काही डॉलर वाचवणाऱ्या कुटुंबांना थोड्या दिवसांत हजारो डॉलरची बिले आली आणि मार्च २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

सिंगापूरने यातून बोध घेतला. १ जुलै २०२३ पासून घाऊक भाव सतत चढे राहिले तर त्यांना लगाम घालणारी तात्पुरती व्यवस्था ईएमएने आणली. ती चांगली आहे. पण ती टोकाची उसळी थोपवण्यासाठी आहे, तुमच्या दुकानाचा महिन्याचा अंदाज सांभाळण्यासाठी नाही. मोठ्या कारखान्यात ऊर्जेचा हिशोब पाहायला माणूस नेमलेला असतो. भाव चढला की तो यंत्रे थांबवू शकतो. आपल्या दुकानात तो माणूस म्हणजे आपणच, आणि त्या वेळी आपण गल्ल्यावर असतो.

डबा लहान, कटकट कमी

मोजमापाइतकाच महत्त्वाचा, पण सहसा न बोलला जाणारा भाग म्हणजे जोडणीचा आकार. गाळा भाड्याने घेताना आपण क्षेत्रफळ, शटर, पाण्याचा नळ पाहतो. मेन स्विचवरचा आकडा कुणी पाहत नाही. आधीचा भाडेकरू खानावळवाला असेल, तर त्याने मोठी थ्री फेज जोडणी घेतलेली असते. तीच तुमच्या शिकवणी वर्गाच्या गळ्यात येते.

याने काय बिघडते? सिंगापुरात घरे सोडून इतर जागांची मंजूर वीजक्षमता ४५ केव्हीएपेक्षा जास्त असेल, तर ईएमएकडून विद्युत संचमांडणीचा परवाना लागतो. शिवाय परवानाधारक तंत्रज्ञ, ज्याला इथे सगळे एलईडब्ल्यू म्हणतात, कायमचा नेमावा लागतो आणि ठरावीक काळाने तपासणी करून घ्यावी लागते. हा दरवर्षीचा खर्च आहे. तुम्ही एक युनिटही न वापरता तो होतो.

आकडे सोपे आहेत. थ्री फेजमध्ये ४०० व्होल्ट गुणिले १.७३२ गुणिले अँपिअर. १०० अँपिअरच्या मेन स्विचला साधारण ६९ केव्हीए, म्हणजे परवाना आलाच. ६३ अँपिअरला साधारण ४३.६ केव्हीए, म्हणजे परवान्याच्या आत. सिंगल फेजमध्ये २३० व्होल्ट गुणिले १०० अँपिअर, म्हणजे २३ केव्हीए. दोन-तीन खोल्यांच्या वर्गाला, छोट्या क्लिनिकला किंवा कार्यालयाला बऱ्याचदा तेवढे पुरते. पण पुरते की नाही हे अंदाजाने ठरवू नये. सगळी उपकरणे एका वेळी चालू करून एलईडब्ल्यूकडून प्रत्यक्ष प्रवाह मोजून घ्यावा, त्यावर वाढीसाठी थोडी जागा ठेवावी आणि मगच क्षमता कमी करण्याचा अर्ज त्याच्यामार्फत करावा.

तीन सूचना इथे आवश्यक आहेत. पहिली, जागामालकाची लेखी संमती घ्या. अनेक भाडेकरारांत जागा मूळ स्थितीत परत देण्याचे कलम असते, आणि उतरवलेली जोडणी पुन्हा चढवण्याचा खर्च शेवटी तुमच्यावर येऊ शकतो. दुसरी, दोन वर्षांत स्वयंपाकघर किंवा मोठी यंत्रे आणायचा विचार असेल, तर घाई करू नका. तिसरी, जिथे वीज जागामालकाच्या एका मोठ्या मीटरमधून पोटमीटरने येते, तिथे पुरवठादार निवडणे तुमच्या हातात नसते. अशा ठिकाणी करारावर सही करण्याआधीच दर कसा लावला जाईल हे लिहून घ्या.

गावाकडच्या दुकानाचे काय?

आपल्यापैकी अनेकांच्या घरचा व्यवसाय अजून सांगली, नाशिक किंवा अकोल्यात चालतो आणि बिल ‘पाहून सांग’ म्हणून फोनवर आपल्याकडे येते. तिथेही हेच तत्त्व लागू पडते. महावितरणच्या व्यापारी वर्गवारीत २० किलोवॉटपर्यंतच्या जोडणीला ठरावीक मासिक स्थिर आकार असतो. त्यावर गेलात की मागणी आकार केव्हीएवर मोजला जातो आणि बिल वाचायला अवघड होते. जुन्या काळी पिठाची गिरणी होती म्हणून मंजूर करून घेतलेला भार, आता तिथे कापडाचे दुकान असतानाही तसाच चालू असेल, तर तो कमी करून घेण्याचा अर्ज जरूर करावा.

वेळेनुसार दराबाबत महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. जुन्या रचनेत सकाळी ९ ते १२ आणि संध्याकाळी ६ ते १० या वेळा महाग होत्या, तर रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ स्वस्त होती. आता सौरऊर्जा वाढल्याने दिवसाउजेडीची वीज स्वस्त करण्याकडे कल आहे. ज्याने रात्रीच्या सवलतीच्या भरवशावर कामाची पाळी बदलली, त्याने काय करायचे? वेळा ठरवणारा दुसरा असतो. त्या पाळणारे आपण असतो. स्मार्ट प्रीपेड मीटरबाबत लोकांनी एवढा आवाज उठवला की जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांकडे ते बसवणार नसल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. त्या विरोधात काही गैरसमजही होते. पण ‘आम्हाला समजेल असे बिल द्या’ ही त्यामागची मागणी रास्तच होती.

नव्याला विरोध नाही

मी स्वतः संगणकाच्या क्षेत्रात काम करतो. त्यामुळे ‘तुम्हीच माहितीला नाही म्हणता?’ असे कुणी विचारील. मी नाही म्हणत नाही. नव्या मीटरचा एक फायदा निर्विवाद आहे: अंदाजी बिल टळते. जुन्या मीटरचे वाचन दोन महिन्यांतून एकदा होई आणि मधल्या महिन्याचे बिल अंदाजाने येई. एखाद्या महिन्यात दुकान पंधरा दिवस बंद असले तरी बिल भरगच्च येत असे. ते पुढच्या वेळी वळते होई हे खरे, पण छोट्या व्यवसायात रोख रक्कम कधी हातात आहे यालाही किंमत असते. म्हणून एसपी नवा मीटर बसवायला आली, तर जरूर बसवून घ्या.

पण माहिती गोळा करणे आणि त्या माहितीवर दर लावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला सांगितला, तर मोजावा. पण दर अर्ध्या तासाच्या रक्तदाबानुसार विम्याचा हप्ता ठरेल असा करार कुणी पुढे केला, तर आपण सही करू का? दीड हजार आकड्यांपैकी ज्यांच्यावरून आपण काही निर्णय घेणार आहोत, तेवढेच आकडे आपल्या कामाचे. बाकीचे मीटरमध्येच राहू द्यावेत.

सही करण्यापूर्वी

शेवटी, कुठल्याही वीजकरारावर सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात असे सुचवतो.

१. मागच्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवा. एका महिन्यावरून निर्णय नको. शाळेच्या सुट्ट्या, सणवार यांनी वापर बदलतो.

२. वर सांगितल्याप्रमाणे एक आठवडा वही ठेवा आणि रात्रीचा वाटा काढा.

३. सगळे दर एकतर जीएसटीसह किंवा जीएसटीविना तपासा, मिसळू नका. १ जानेवारी २०२४ पासून जीएसटी ९ टक्के आहे. वार्षिक उलाढाल दहा लाख डॉलरच्या आत असलेल्या बहुतेक छोट्या व्यवसायांनी जीएसटी नोंदणी केलेली नसते. त्यांना भरलेला कर परत मिळत नाही, म्हणून त्यांनी जीएसटीसहच तुलना करावी.

४. मुदत किती, मुदतीपूर्वी सोडल्यास दंड किती, आणि मुदत संपल्यावर आपोआप कोणता दर लागेल, हे लेखी घ्या. भाडेकरार वर्षाचा आणि वीजकरार दोन वर्षांचा, असे होऊ देऊ नका.

५. नियंत्रित दरावर परत येता येईल का, हे आपल्या खात्यापुरते विचारा. छोट्या ग्राहकाला आणि मोठ्या ग्राहकाला लागू होणारे नियम एकसारखे नसतात.

६. मेन स्विचवरचा आकडा वाचा. ४५ केव्हीएच्या वर असाल आणि गरज त्याच्या निम्मीच असेल, तर एलईडब्ल्यूला बोलवा.

एवढे करून कदाचित असेही निघेल की तुमची सध्याची व्यवस्थाच ठीक आहे आणि काही बदलायला नको. तेही उत्तरच आहे, आणि ते फुकटात मिळाले.

छोटा व्यवसाय चालवणाऱ्याकडे पैशापेक्षाही दुर्मीळ काही असेल, तर ते निवांत लक्ष. ते मुलांच्या गणिताकडे, डब्यातल्या भाजीकडे, खुर्चीवर बसलेल्या रुग्णाकडे जायला हवे. विजेच्या भावाकडे दर अर्ध्या तासाला डोकावण्यात ते खर्ची पडू लागले, तर वाचलेले चार डॉलर फार महागात पडले असे म्हणावे लागेल. ज्या बिलाचा हिशोब घरातल्या दहावीतल्या मुलीलाही तपासता येतो, ते बिल चांगले. या महिन्याचे बिल आले की ते तिच्याच हाती देऊन पाहावे.